शेवटची दहा मिनिटं उद्यासाठी: कोरियन मालिका कशी बघावी

लातूरच्या ट्यूशन एरियात मुलींच्या एका हॉस्टेलवर मी रेक्टर आहे. सत्तर मुली, सगळ्या नीटवाल्या, म्हणजे डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेची तयारी करणाऱ्या. सोमवार ते शनिवार त्यांचे फोन माझ्या कपाटात कुलूपबंद असतात. रविवारी दुपारी चारला फोन वाटले, की घरी बोलणं उरकून कुणीतरी दारात येऊन उभी राहते आणि विचारते, "ताई, आता कोणती बघू?" कोणती म्हणजे कोणती कोरियन मालिका. याचं उत्तर दारात उभ्या-उभ्या देता येत नाही, कारण विचारणारीचं सध्या काय चाललंय यावर ते ठरतं. म्हणून एकदाचं सगळं लिहून काढते आहे. हॉस्टेलच्या पोरींसाठी आहेच, पण त्याहून जास्त माझ्या वयाच्या लोकांसाठी आहे: पदवी झाली, पुण्याची अभ्यासिका झाली, गावी परत आलो, स्थळं येतायत, नोकरी आहे पण ती सांगताना आवाज बारीक होतो, अशांसाठी.

माझं थोडक्यात सांगते. बारावी २०१६ ची. त्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं तेव्हा मी इथेच हॉस्टेलात होते आणि एका बादलीत अंघोळ आणि कपडे दोन्ही भागवत होते. त्यानंतर दोन ड्रॉप घेतले, म्हणजे नीट पुन्हा द्यायला दोन वर्षं थांबले. दुसऱ्या वेळी अकरा मार्कांनी राहिलं. मग बी.एस्सी., मग पुण्यात दोन वर्षं एमपीएससी, मग परत. पहिली कोरियन मालिका बघितली ती २०२० च्या लॉकडाऊनमध्ये, औसा तालुक्यातल्या आमच्या गावी, भावाच्या फोनवर. घरात रेंज यायची नाही म्हणून स्लॅबवर गोधडी टाकून. तेव्हा नीटबद्दल आई आणि मी एकमेकींशी दोन वर्षं एक अक्षर बोललो नव्हतो. भांडण नव्हतं. विषय निघाला की दोघीही उठून दुसऱ्या कामाला लागायचो, इतकंच.

आधी आपली अडचण, मग मालिका

बहुतेक जण हिरोचा फोटो बघून मालिका निवडतात. तसं करू नका. आपल्यापर्यंत पोचणाऱ्या कोरियन मालिका बहुतेक सोळा भागांच्या असतात. एकेक भाग तास-सव्वातासाचा, तिकडे आठवड्याला दोन भाग दाखवतात, आठ आठवड्यांत गोष्ट संपते आणि संपली की संपली. (रोजच्या, शंभराच्या वर भागांच्या मालिका तिकडेही आहेत, पण त्या आपल्याकडे फारशा येत नाहीत.) म्हणजे निवड चुकली तर अठरा तास गेले. गंजगोलाईत सोळा रस्ते मिळतात. चुकीच्या रस्त्यानं बाहेर पडलं की सगळा वळसा घालून यावं लागतं, तसं होतं.

तुम्ही रिझल्टची वाट बघत असाल, किंवा रिझल्ट लागून तो नको तसा लागला असेल, तर 'रिप्लाय १९८८' पासून सुरुवात करा. २०१५ च्या नोव्हेंबरात सुरू होऊन २०१६ च्या जानेवारीत संपलेली, वीस भागांची, आणि भाग चांगले दीड-दीड तासाचे. सोलच्या सांगमुन-दोंग भागातली एक गल्ली, पाच घरं, त्यातली पोरं. मोठं असं काही घडत नाही. त्यात एका घरातला थोरला मुलगा वर्षानुवर्षं कॉलेजची प्रवेश परीक्षा देतोय, पुन्हा पुन्हा. त्याला घरात कुणी ओझं समजत नाही. आई त्याला जेवायला वाढते, तो तिकिटं गोळा करतो, गाणी ऐकतो, मधूनच अभ्यास करतो. ड्रॉप घेतलेल्या मुलीनं हे बघावं. ज्या वर्षात आपण "काहीच केलं नाही" असं फॉर्मवर गॅप म्हणून लिहितो, त्या वर्षातही माणूस जेवतो, हसतो, कुणाला तरी आवडतो; त्याच्याकडे कॅमेरा इतका वेळ शांतपणे बघत राहतो हे मी त्याआधी कुठंच पाहिलं नव्हतं. माझ्यासाठी या मालिकांचं सगळं मोल यातच आहे.

नोकरी लागलीय पण कंत्राटी, आणि बाकीचे सगळे आपल्यापेक्षा शिकलेले आहेत असं वाटत असेल तर 'मिसेंग', २०१४ ची, वीस भाग. यून ते-हो यांच्या वेबवरच्या चित्रकथेवरून केलेली. नायक लहानपणापासून बादुक खेळत वाढलेला. बादुक म्हणजे काळ्या-पांढऱ्या गोट्यांचा पटावरचा खेळ, जगात तो 'गो' म्हणून माहीत आहे. व्यावसायिक खेळाडू व्हायचं राहून जातं आणि तो कुठलीही पदवी नसताना एका व्यापारी कंपनीत इंटर्न म्हणून येतो. मिसेंग हा त्याच खेळातला शब्द आहे: पटावरच्या ज्या गोट्या अजून जगल्या असंही म्हणता येत नाही आणि मेल्या असंही नाही. पुण्यातल्या दुसऱ्या वर्षी हा अर्थ कळला तेव्हा मी फोन पालथा ठेवून बराच वेळ छताकडे बघत पडले होते. यात प्रेमप्रकरण जवळजवळ नाही. ज्यांना कोरियन मालिका म्हणजे नुसती लव्हस्टोरी वाटते त्या भावांना हीच दाखवा.

एमपीएससीवाल्यांसाठी 'ड्रिंकिंग सोलो', २०१६ ची. सोलमध्ये नोर्यांगजिन नावाचा भाग आहे. सरकारी नोकरीच्या परीक्षांचे क्लास, खुराड्याएवढ्या खोल्या, रस्त्यावर स्वस्तात मिळणारा कपातला भात. सदाशिव पेठेत राहून आलेल्याला नकाशा द्यावा लागत नाही. फक्त नावात आहे तसं त्यात पिणं भरपूर आहे, घरच्यांसमोर लावू नका.

रोज अपडाउन करणाऱ्यांसाठी, म्हणजे मुरुडहून लातूर, औशाहून लातूर, जालन्याहून संभाजीनगर, 'माय लिबरेशन नोट्स', २०२२. सोलबाहेरच्या एका गावातली तीन भावंडं, रोज तासन्‌तास प्रवास करून राजधानीत नोकरीला जातात आणि सुटीच्या दिवशी बापाच्या शेतात राबतात. पहिले तीन भाग अतिशय संथ आहेत. तिथं सोडू नका. शेतातल्या बांधावर बसून कुणीच कुणाशी न बोलता जेवतात ती दृश्यं बघताना मला आमच्या वावरात सोयाबीन काढतानाची दुपार दिसते.

आणि घरात लग्नाचं चालू असेल तर 'बिकॉज धिस इज माय फर्स्ट लाइफ', २०१७. भावाचं लग्न होतं आणि बहिणीला राहतं घर सोडावं लागतं, इथून गोष्ट सुरू होते. मग भाड्याच्या खोलीवरून एक लग्न ठरतं.

'स्क्विड गेम' पासून सुरुवात करू नका. चांगलीच आहे, पण ती निराळी गोष्ट आहे, पहिला सीझन नऊच भागांचा, आणि अभ्यासाच्या वर्षात झोप घालवते.

पहिले दोन भाग कसे काढायचे

नव्या माणसाची अडचण एकच असते: सगळ्यांची नावं सारखी वाटतात आणि कोण कुणाचं ते कळत नाही. वहीच्या शेवटच्या पानावर घरं काढा. वर आजी-आजोबा, खाली आईबाप, खाली पोरं, जशी आपण वंशावळ काढतो. आडनाव आधी येतं, आपल्या हजेरीपटावर असतं तसं. किम, ली, पार्क हीच आडनावं फिरून फिरून येतात, त्यामुळे त्यावर लक्ष देऊ नका, पुढची दोन अक्षरं धरा. आणि एक महत्त्वाचं: तिकडे बाई लग्नानंतर आडनाव बदलत नाही. आईचं आडनाव वेगळं दिसलं म्हणजे ती सावत्र आहे असं नसतं. आमच्या हॉस्टेलात यावरून एकदा अख्खा रविवार वाद झाला होता.

सबटायटल इंग्रजीत असतात आणि मराठी मीडियमच्या मुली तिथंच घाबरतात. पहिल्या भागाला वेग पाऊणपट करा, ती सोय बहुतेक ॲपमध्ये आहे. एक वाक्य वाचायचं राहिलं तर मागे जाऊ नका, चेहऱ्यावरून कळतं. दोन भागांनंतर डोळा आपोआप पळायला लागतो. माझं इंग्रजी वाचन व्याकरणाच्या पुस्तकानं जेवढं सुधारलं नाही तेवढं यानं सुधारलं, हे मी मुलींच्या पालकांनाही सांगते.

काही मालिका हिंदीत डब केलेल्या मिळतात. आईबरोबर बघायची असेल तर त्या सोयीच्या. एकटं बघताना मात्र मूळ आवाजच ठेवा. त्याचं कारण असं, की कोरियन वाक्याची ठेवण आपल्यासारखी आहे. क्रियापद शेवटी येतं, 'ला', 'त', 'हून' सारखे प्रत्यय नामाच्या मागे लागतात. इंग्रजी सबटायटल वाक्य उलटं करून देतं, पण कान जर उघडा ठेवला तर माणूस अडखळतो कुठं, वाक्य अर्धवट सोडतो कुठं, हे आपल्याला इंग्रज माणसापेक्षा चांगलं कळतं. क्रियापद उच्चारायच्या आधी थांबलेलं माणूस आपण जन्मभर ऐकत आलोय.

कोण कुणाला काय म्हणतं, तिकडे कान ठेवा

या भागावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण निम्मी गोष्ट इथं असते आणि सबटायटलमध्ये ती उतरत नाही.

कोरियनमध्ये आदरानं बोलायची एक भाषा आहे आणि जवळिकीनं बोलायची दुसरी. जवळिकीच्या भाषेला बानमाल म्हणतात. आपलं अहो-जाहो आणि अरे-तुरे. इंग्रजीत दोन्हीला एकच 'यू'. त्यामुळे सोळा भागांपैकी सातव्या-आठव्या भागात मुलगा मुलीला विचारतो, आता आपण साधं बोलू या का, आणि सबटायटलमध्ये ते काहीतरी किरकोळ दिसतं. मराठी माणसाला त्या क्षणाचं वजन समजावून सांगावं लागत नाही. मला बघायला आलेल्या एका मुलाशी मी तीन आठवडे फोनवर बोलत होते. चांगला होता. पण आम्ही दोघंही 'तुम्ही' वरून खाली उतरलोच नाही, आणि एक दिवस दोघांनाही कळलं की आता उतरणार नाही. हे मला कुठल्या मैत्रिणीला इंग्रजीत सांगता आलं नसतं.

वयाचा हिशेब तिकडे एका वर्षानंही बदलतो. मुलीनं आपल्यापेक्षा मोठ्या मुलाला ओप्पा म्हणायचं, मोठ्या मुलीला ऑन्नी. मुलानं मोठ्या मुलाला ह्योंग, मोठ्या मुलीला नूना. सख्खे भाऊबहीणही तेच, ओळखीचेही तेच, आपल्या दादा-ताईसारखं. कॉलेजात किंवा कचेरीत आधी आलेला तो सनबे. ऑफिसात तर वरच्याला नावानं हाक नाहीच. हुद्दा आणि पुढे 'निम'. 'मिसेंग' बघताना हे विशेष ऐका. तलाठ्याला भाऊसाहेब आणि तहसीलदाराला रावसाहेब म्हणत वाढलेल्या माणसाला यात काही शिकायचं नाही, फक्त ओळखायचं आहे. आणि एवढं सगळं ठरलेलं असताना कुणी चुकून किंवा मुद्दाम नुसतं नाव घेतलं, तर समजा भांडण झालं किंवा प्रेम झालं.

आई म्हणजे ऑम्मा. वडील म्हणजे अप्पा. हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझी आई शेंगा फोडत बाजूला बसली होती, ती थांबून म्हणाली, "आप्पाच म्हणायली का गं ती पोरगी?" आमच्या गावात निम्म्या घरांत वडिलांना आप्पा म्हणतात. तिथून ती फोनकडे सरकली ती सरकलीच.

आणखी एक. कोरियन माणूस एकुलतं एक लेकरू असलं तरी 'माझी आई' म्हणत नाही, 'आमची आई' म्हणतं. ऊरी ऑम्मा. सबटायटल त्याचं 'माय मॉम' करतं. आपल्याकडे बायका 'आमचे हे' म्हणतात तेव्हा त्यात नवरा कुणाबरोबर वाटून घेतलेला नसतो, तसंच ते. आणि भेटल्यावर, फोनवर, भांडण मिटवताना जे वारंवार ऐकू येतं ते 'बाप मोगोस्सो?' त्यातल्या 'बाप' चा अर्थ भात, म्हणजेच जेवण. जेवलीस का? हे वाक्य कोण कुणाला कोणत्या वेळी विचारतं एवढं जरी टिपलंत तरी कुणाचं कुणावर प्रेम आहे हे नायक-नायिकेच्या आधी तुम्हाला कळेल.

लिपी शिकायची हौस आली तर शिकाच. राजा सेजोंगनं १४४३ साली ती घडवली, तेव्हा अक्षरं अठ्ठावीस, आज मूळ अक्षरं चोवीस, आणि व्यंजन-स्वर एका चौकोनात बसवायची पद्धत. बाराखडी येणाऱ्याला चार दिवस पुरतात. हॉस्टेलच्या दोन मुली केमिस्ट्रीच्या वहीच्या कडेला त्यात एकमेकींची नावं लिहितात. मी बघते आणि काही म्हणत नाही.

ताट आणि घर

जेवणाच्या दृश्यात पुढे पळवू नका. घरातल्या मोठ्या माणसानं चमचा उचलल्यावर बाकीचे उचलतात. मोठ्यांसमोर प्यायचं तर तोंड बाजूला वळवून. देताना-घेताना दोन्ही हात. आवडत्याच्या भातावर दुसऱ्यानं काहीतरी उचलून ठेवलं की ती मोठी गोष्ट असते. 'रिप्लाय १९८८' च्या पहिल्याच भागात आया पोरांना वाट्या घेऊन गल्लीत पिटाळतात, या घरातली भाजी त्या घरात, त्या घरातलं काहीतरी या घरात, आणि शेवटी प्रत्येक ताटात सगळ्या घरांचं असतं. आईला हे बघून इतका आनंद झाला की तिनं भाग थांबवायला लावला आणि त्यांच्या लहानपणी येसर कुठल्या घरचा आणि लोणचं कुठल्या घरचं ते सांगत बसली. हिवाळ्याआधी सगळ्या बायका मिळून किमची घालतात त्याला किमजांग म्हणतात. २०१३ साली युनेस्कोनं ती प्रथा अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतली. आमच्याकडे उन्हाळ्यात कुरडयांचा चीक घोटताना चार घरच्या बायका जमतात, अगदी तेच, फक्त आम्ही ऊन गाठतो आणि ते थंडी.

वाढदिवसाला ते समुद्री शेवाळाचं सूप पितात. पण परीक्षेच्या दिवशी ते कुणी प्यायचं नाही, कारण ते निसरडं असतं, माणूस घसरतो म्हणतात. त्याऐवजी चिकट मिठाई देतात, म्हणजे चिकटून राहावं. त्यांची कॉलेज प्रवेशाची परीक्षा सुनुंग, नोव्हेंबरात एकाच दिवशी, सकाळपासून संध्याकाळपर्यंत. इंग्रजी ऐकण्याचा पेपर चालू असताना देशभरातली विमानं उतरायची-उडायची थांबवतात. हे मी मुलींना नीटच्या आदल्या रात्री सांगते. हातावर दही-साखर घालताना सांगायला माझ्याकडे दुसरं काही नसतं, आणि आपल्यासारखंच घाबरलेलं कुणीतरी दूर तिकडेही आहे हे ऐकून त्यांचे खांदे जरा खाली येतात. मी ते दरवर्षी बघितलंय.

घरांची चार नावं माहीत असू द्या, नाहीतर गोष्टीतलं दुःख कळत नाही. बानजिहा म्हणजे अर्धं जमिनीखाली असलेलं घर, खिडकीतून लोकांचे पाय दिसतात. ओकथापबांग म्हणजे गच्चीवरची खोली. मालिकेत ती चांदण्यांखाली छान दिसते, पण उन्हाळ्यात तापते आणि हिवाळ्यात गारठते म्हणूनच ती स्वस्त असते. गोशिवॉन म्हणजे परीक्षावाल्यांची खोली, पलंग आणि टेबल एवढीच. आणि जोन्से ही घर भाड्यानं घ्यायची पद्धत: एकदम मोठी रक्कम मालकाकडे ठेवायची, महिन्याचं भाडं नाही, सोडताना रक्कम परत. ती रक्कम जमवण्यात तिकडच्या पोरांची वर्षं जातात. 'फर्स्ट लाइफ' मधलं लग्न का होतं हे जोन्से कळल्याशिवाय पटणार नाही.

'रिप्लाय १९८८' मधलं नायिकेचं कुटुंब अशाच बानजिहात राहतं, कारण बाप मित्राच्या कर्जाला जामीन राहिलेला असतो. जामीन राहून बुडालेलं एक तरी घर आपल्या प्रत्येक गावात आहे. आईनं ते अर्ध्या जमिनीतलं घर बघितलं आणि तिचा श्वासच अडकला. तिचं माहेर किल्लारीच्या बाजूचं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेनंतर ती आजही दाराजवळ झोपते. "एवढं सगळं वर आणि माणसं खाली?" एवढंच म्हणाली. पुढचे दोन भाग तिनं बघितले नाहीत. मी आग्रह केला नाही. कुणाबरोबर बघत असाल तर हेही लक्षात ठेवा, समोरच्याला कुठं लागेल ते आधी सांगता येत नाही.

घड्याळ

आता सगळ्यांत कामाची युक्ती. प्रत्येक भाग अशा ठिकाणी संपतो की पुढचा लावल्याशिवाय राहवत नाही. लिहिणाऱ्यांनी तो तसाच लिहिलेला असतो. म्हणून भाग संपवायचाच नाही. शेवटची दहा मिनिटं राहिली की बंद करायचा. उद्या तिथून सुरू करायचा, दहा मिनिटांत पेच सुटतो, मग पुढच्या भागातली पन्नास मिनिटं बघून पुन्हा थांबायचं. पुण्यात मी रात्री तीनपर्यंत बघत बसायचे आणि सकाळी अभ्यासिकेत डोकं टेबलावर. या एका सवयीनं ते सुटलं. पुढच्या भागाची झलकही बघू नका.

हॉस्टेलमध्ये आमचा नियम रविवारी एक भाग, मेसमधल्या टीव्हीवर, सगळ्यांनी मिळून, सातला सुरू आणि साडेआठला दिवे. परीक्षेच्या आधीचे तीन महिने तेही नाही. गावाकडे असाल तर वायफाय मिळेल तिथं डाउनलोड करून ठेवा. लाइट जाते, रेंज जाते, आणि नेमकं रडायच्या जागी गोल फिरायला लागतं. फुकटच्या चॅनेलवरून तुकडे-तुकडे बघू नका, मधले भाग कापलेले असतात आणि सबटायटल वाटेल ते लिहिलेले असतात. चौघी मैत्रिणी मिळून घरातल्या एका खात्यावर एकत्र बसून बघणं हेच मला बरं वाटतं.

काय खरं धरायचं नाही

मुलींनो, ती कातडी खरी धरू नका. तिथं प्रकाश योजलेला असतो आणि नटनट्यांचं ते कामच आहे. आपल्या उन्हात, आपल्या पाण्यात तसा चेहरा होत नाही आणि व्हायची गरज नाही. दोन वर्षांपूर्वी एक मुलगी उजळ दिसायला कसलंतरी क्रीम लावून बसली होती, तिला घेऊन मी त्वचेच्या डॉक्टरकडे चार फेऱ्या मारल्या.

जुन्या मालिकांत मुलगा मुलीचा हात धरून ओढत नेतो ते प्रेम म्हणून दाखवलंय. ते प्रेम नाही. तसा भाग आला की मी टीव्ही थांबवून हे मोठ्यानं सांगते.

आणि कोरिया म्हणजे स्वर्ग असंही धरू नका. तिकडच्या तरुणांना सांपो पिढी असं नाव पडलं: प्रेम, लग्न आणि मूल, या तिन्हींवर पाणी सोडलेली. २०२३ साली तिथला जननदर ०.७२ वर आला, म्हणजे बाईमागे सरासरी एक मूलही नाही. घर परवडत नाही, नोकरी टिकत नाही, कामाचे तास संपत नाहीत. आपल्याकडे चित्र वेगळं आहे. इथं मुलीला लग्नाची घाई करतात आणि शेती करणाऱ्या मुलाला मुलगी मिळत नाही. पण पंचविशीतल्या माणसाला रात्री झोप न येण्याची कारणं मात्र बऱ्यापैकी जुळतात, आणि या मालिका लिहिणारे ती कारणं जाणून लिहितात.

कुणाबरोबर

एकट्यानं बघा, पण एक तरी मालिका घरातल्या मोठ्या माणसाबरोबर बघा. दर पाच मिनिटांनी थांबवून मराठीत सांगावं लागतं, भाग अडीच तास चालतो, तरी बघा.

मी मधली. वर ताई, खाली भाऊ. 'रिप्लाय १९८८' ची नायिका दोक-सनही मधलीच. पहिल्या भागात तिचा वाढदिवस मोठ्या बहिणीच्या केकवरच उरकतात आणि ती फुटते, सगळं बोलून टाकते. मग रात्री तिचा बाप वेगळा केक घेऊन येतो आणि तिला सांगतो की बाप होण्याची त्याचीही ही पहिलीच वेळ आहे, त्यालाही काही येत नव्हतं. मी हे आईला सांगितलं, स्लॅबवर, अंधारात. ती काही बोलली नाही. भाग संपला. गोधडी झटकून घडी घालताना ती म्हणाली, "आमचा बी पैलाच होता की गं तुझा तो ड्रॉप. कुनाला इचारावं ते बी कळंना."

त्या रात्री आम्ही दोनपर्यंत बोललो. फीचे पैसे कुठून आणले होते, अकरा मार्क म्हणजे किती, मावशीला तिनं काय सांगितलं होतं, सगळं.

मालिका संपल्यावर लगेच दुसरी लावू नका. आठवडाभर जाऊ द्या. त्या आठवड्यात ज्याची सारखी आठवण आली त्याला फोन करा, त्यासाठी वेगळं कारण शोधू नका.

आमची पुढची ठरली आहे. 'व्हेन लाइफ गिव्ज यू टँजरिन्स', २०२५ ची, सोळा भाग. जेजू बेटावरची गोष्ट, समुद्रात बुडी मारून पोट भरणाऱ्या आईची आणि कविता लिहायची इच्छा असलेल्या मुलीची. मी पहिले दोन भाग आधीच बघून ठेवलेत, कुठं थांबवून सांगावं लागेल त्याच्या खुणा वहीत केल्यात. सोयाबीनची रास झाली की दिवाळीत बसू, असं आई म्हणाली आहे.